नवस सांगायचा नसतो

नाशिकच्या थंडीचं आम्ही नाशिककर जरा जास्तच कौतुक करतो. पारा दोन अंश उतरला की लगेच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन करून सांगतो, 'इकडे काय गारठा आहे म्हणून सांगू!' जणू काही ती थंडी आम्ही घरीच विरजण लावून केली आहे. दिवाळी उलटली की रस्त्याच्या कडेला स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. भाजीबाजारात मटारचे ढीग येतात, हरभऱ्याच्या जुड्या येतात. शाळेत मुलं फुटलेल्या ओठांना तूप लावून येतात आणि हजेरीच्या वेळी सगळा वर्ग खोकत असतो. मलाही हे सगळं आवडायचं. आता मात्र थंडी आली की आधी तळपाय गार पडतात. तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो, आणि त्या हिवाळ्यातलं एक खोटं. ते मी बोलले नव्हते, पण दुसऱ्याला बोलू दिलं आणि वर मान डोलावली. यंदा ते परत घ्यायचं, असं मी दिवाळीनंतर ठरवलं. ते वेळेत परत घेता येतंय की नाही, एवढीच धाकधूक होती.

त्या वर्षी मला काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. नवरा धडधाकट, मुलगी शिकून नोकरीला लागलेली, सासूबाई सत्तरीतही पापड लाटणाऱ्या. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले लिहायचे, शिक्के मारायचे, पालकांवर थोडं खेकसायचं, असं वीस वर्षांचं बिनबोभाट काम. नवरात्रात एका दुपारी कोथिंबिरीची जुडी निवडायला घेतली आणि ती हातात धरून मी तासभर तशीच बसले. रडू येत नव्हतं, काही दुखत नव्हतं. पहिली काडी तोडायची कशी, तेच सुचेना. पुढे अंघोळही डोंगराएवढी वाटायला लागली. एकाच मुलाचा दाखला मी तीनदा चुकवला. जो तो म्हणे, 'टेन्शन घेऊ नका,' 'मन रमवा,' आणि माझी थोरली बहीण तर म्हणाली, "तुला कमी कशाची आहे गं?" हे वाक्य सगळ्यात जास्त लागायचं, कारण ते खरं होतं. कमी कशाचीच नव्हती, आणि तरी सकाळी डोळे उघडले की वाटायचं, आजचा दिवस कशाला उगवला.

सुधीर, म्हणजे माझा नवरा, मला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्या इमारतीत खाली चष्म्याचं दुकान होतं. कुणी ओळखीचं भेटलंच, तर चष्मा करायला आलो म्हणून सांगता येईल, असा हिशेब. डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई. त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या आणि त्यांच्याखाली त्याच कागदावर लिहिलं: चालणे, रोज चाळीस मिनिटे, भरभर.

"हेसुद्धा औषधच आहे बरं का," त्या म्हणाल्या. "गोळी चुकवायची नाही, तसं हेही चुकवायचं नाही."

"मला अंथरुणातून उठवत नाही, डॉक्टर."

"मग पहिल्यांदा पाचच मिनिटं. पण मन तयार होईल याची वाट बघू नका. ते आत्ता तयार होणार नाही. आधी पाय न्या, ते येईल मागून."

सुधीरने दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट आणले. आता चालायचं कुठे? मोठ्या रस्त्याला वाहनांची झुंबड. जॉगिंग ट्रॅकवर अर्धी शाळा भेटणार. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत दत्ताचं देऊळ आहे, त्याच्या मागे औदुंबर आणि भोवती फरशी घातलेली वाट. तिथेच चालायचं ठरलं. सासूबाई सोबत यायच्या, कानटोपी घालून कट्ट्यावर बसायच्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी हटकलं, "काय हो, आजकाल सकाळी सकाळी? शुगर निघाली की काय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "नवस आहे तिचा. औदुंबराला फेऱ्या बोललीय."

घरी येताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग काय सांगायचं होतं? डोक्याच्या डॉक्टरकडे नेतो म्हणून? पोरीला स्थळं बघायला काढायचीत अजून." त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पहाटे पाचला उठून, गुडघे धरत धरत माझ्यासोबत येणारी ती एकटीच बाई होती. आणि खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. कारण आपल्याकडे कुणी नवस बोललं, की तो कशासाठी असं कुणी विचारत नाही. नवस सांगायचा नसतो, सांगितला तर फळत नाही. मोठ्यात मोठं भोचक माणूसही तिथे गप्प बसतं. याहून सुरक्षित जागा मला त्या वेळी शोधून सापडली नसती.

नवस म्हटल्यावर बूट गेले. देवाच्या फेऱ्या अनवाणीच घालायच्या असतात. मार्गशीर्षातली ती फरशी! पहिल्या पावलाला अशी कळ यायची की दात करकरायचे. पण सांगते, कित्येक आठवड्यांत मला काही जाणवलं असेल तर ती पहिली कळ. पहिल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या आणि मी मटकन बसले. मग सात. मग अकरा. डॉक्टरांनी भरभर सांगितलेलं, म्हणून मी झपाझप चालायची. पुजारीबुवांना ते बघवेना. "वहिनी, देवाला कुणी अशा घाईने फेऱ्या घालतं का? त्याला तरी धाप लागेल," असं ते म्हणाले. मी हसले. ते हसू खूप दिवसांनी आलेलं, त्यामुळे गालांनाच नवल वाटलं असावं.

चालण्याने दुःख पळून जातं असं कुणी म्हणालं, तर माझा विश्वास नाही. मी रडतरडत चालले आहे, शिव्या देत चालले आहे, मधूनच घरी परत गेले आहे. एवढं मात्र खरं, की चालताना पुढची फेरी समोर असते. दिवस कसा जाणार, जन्म कसा जाणार, हे त्या वाटेवर विचारावं लागत नाही. औदुंबराच्या मुळापाशी फरशी फुगली होती, तिथे जपून पाय टाकायचा, एवढाच प्रश्न. आधी झोप परत आली. मग एके सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. साधी, पोटातली भूक. मी तिथेच उभी राहून हुंदके देऊन रडले. सासूबाईंनी कट्ट्यावरून देवाला हात जोडले.

मंगलताई आल्या त्या दुसऱ्या आठवड्यात. आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायच्या. मूळच्या नांदगावच्या, नवरा मनमाडला रेल्वेत, रोज गाडीने जाऊन-येऊन करणारा. मुलगा पुण्याला नोकरीला. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, अंगाने काटक. आधी दोन दिवस देवळाच्या पायरीपाशी उभ्या राहून मला बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यासंगं चालले तर चालंल का? मला बी फेऱ्या बोलायच्या हायेत."

कशासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. रीतच तशी.

महिना-दीड महिना आम्ही एकमेकींच्या शेजारून चाललो. मधेच बोलायच्या, मधेच गप्प. "आमच्या नांदगावला पाणी नाय, पण थंडी लय. आई शेगडीत गोवरी घालून आमच्या पायाशी ठेवायची," असं काहीबाही. त्यांचे केस कधी कधी तीन-तीन दिवस तसेच असायचे. स्वेटरची बटणं एक घर सोडून लावलेली. बोलता बोलता वाक्य सुटायचं आणि त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही. हे सगळं मी बघत होते. मला तर ते बाराखडीसारखं पाठ होतं. आणि एका सकाळी, सातव्या की आठव्या फेरीला, त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला सकाळी उठताना छातीवर कुणी बसल्यागत व्हतं का?"

मला तेच तर होत होतं. अगदी तेच, त्याच शब्दांत. कट्ट्यावर सासूबाई बसल्या होत्या, शेजारच्या काकू फुलं तोडत होत्या. मी म्हणाले, "थंडीनं होतं तसं. रात्री छातीला तेल चोळून झोपत जा."

त्या "हां" म्हणाल्या आणि पुन्हा कधी त्यांनी ते काढलं नाही. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. साहेबांशी, पालकांशी, रजेच्या अर्जात. त्यातलं काही आठवतही नाही. पण तेलाचं ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला डॉक्टर मला म्हणाल्या, "आरशात डोळे बघितलेत का स्वतःचे? गोळ्या चालू ठेवायच्या, चालणंही. पण तुम्ही वर आला आहात." मी खरंच वर आले होते. मला शाळेतल्या शिक्क्यांचा आवाज आवडायला लागला होता. आता सासूबाईंचा पेच असा, की नवस फिटला तर उद्यापन करायला हवं, नाहीतर लोक म्हणतील फेऱ्या अर्धवट सोडल्या. म्हणजे न बोललेल्या नवसाचं उद्यापन! पुरणाचा घाट घातला. पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या, त्यांत मंगलताई. मी तूप वाढत त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "फिटला का मॅडम नवस?"

"हो."

"ऐकलं म्हणायचं देवानं." त्या ताटाकडे बघत राहिल्या. "मी बी तेवढ्याच फेऱ्या घातल्या. संगंच घातल्या की. माझंच कायतरी चुकत असंल."

इथे मला बोलता आलं असतं. बाकीच्या बायका हसण्याबोलण्यात गुंतल्या होत्या. खाली वाकून त्यांच्या कानात चार शब्द सांगायचे: मी गोळ्या घेते, माझ्या डॉक्टरांकडे चला. पण माझी मुलगी समोर वाढत होती आणि त्या पंगतीतल्या एका बाईंचा भाचा तिच्यासाठी सांगून येणार होता. मी मंगलताईंच्या पुरणपोळीवर आणखी एक चमचा तूप घातलं आणि पुढे गेले.

त्यानंतर मी बूट घातले. नवस फिटलेल्या बाईला बूट चालतात. मी कॅनॉलच्या रस्त्याने चालायला लागले, हात हलवत, ऐटीत. जाता-येता देवळाच्या आवारात मंगलताई दिसायच्या. आता त्या पहाटे गार पाण्याने अंघोळ करून ओल्या साडीनेच फेऱ्या घालायच्या. मीठ सोडलं होतं. मग एकवेळ जेवायला लागल्या. फेऱ्या दुप्पट केल्या. पुजारीबुवा मोठ्या कौतुकाने सांगायचे, काय निष्ठा आहे बाईची! मी लांबून हात करायची. त्यांचा हात वर यायला वेळ लागायचा. होळीच्या आधी त्यांच्या नवऱ्याने खोल्या सोडल्या आणि त्यांना नांदगावला नेलं. निघताना त्या उद्यापनाच्या दिवशी घरी नेलेला माझा डबा परत द्यायला आल्या होत्या. डबा घासून लख्ख केलेला, आणि रिकामा द्यायचा नाही म्हणून आत चिमूटभर साखर. मी म्हटलं, "येत जा हो."

नंतर मी फार विचार केला आहे. फरशी तीच, झाड तेच, फेऱ्या तेवढ्याच. मग मी का वर आले आणि त्या का खाली गेल्या? माझ्या पोटात गोळ्या होत्या, हे तर आहेच. पण मला असंही वाटतं, की माझी फेरी म्हणजे नुसती फेरी होती. एक झाली की एक झाली. चुकली तरी डॉक्टर म्हणायच्या, उद्या चाला. त्यांची प्रत्येक फेरी म्हणजे परीक्षा, आणि रोज सकाळी उठल्यावर छातीवरचं ओझं जागच्या जागी, म्हणजे रोज नापास. मी बरी व्हायला चालत होते. त्या प्रायश्चित्त घेत होत्या, आणि कशाचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. उपाशी पोटी, गारठ्यात. ते चालणं औषध कसं होईल?

ज्या लग्नासाठी एवढं झाकलं, त्याची गंमत ऐका. मागल्या वर्षी मुलीने स्वतःच मुलगा पसंत केला आणि दुसऱ्या भेटीतच त्याला सांगून टाकलं, "माझ्या आईला डिप्रेशन होतं, अजून गोळ्या चालू आहेत." तो म्हणाला, "माझ्या आत्यालाही आहेत," आणि त्याने कॉफी मागवली. झालं. मुलीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई हातातलं लाटणं तसंच धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "मंगलला कळवायला हवं गं." मला वाटत होतं की त्यांच्या हे लक्षातही नसेल. त्यांच्या मनातही ते तेवढेच दिवस होतं. तरी मी कळवलं नाही. आता सांगून काय उपयोग, आता त्या बऱ्याही झाल्या असतील, असं स्वतःला समजावत राहिले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

यंदा दिवाळीनंतर नाशिकरोड स्टेशनवर त्यांचा नवरा भेटला. मी विचारलं, "मंगलताई कशा आहेत?"

"हायेत. बसून असत्यात. बोलत नाय जास्त. सकाळी गावातल्या मारुतीला फेऱ्या तेवढ्या चालू हायेत."

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"डॉक्टर कशाला? अंगानं चांगली हाय. देवाचं हाय ते." आणि माझ्याकडे बघून तो भला माणूस म्हणाला, "तुम्हाला तर माहितीच हाय की."

पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने नांदगावला गेले. बाजाराच्या मागे त्यांचं घर. अंगणात उन्हाला पाठ करून मंगलताई बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, "मॅडम, या," म्हणाल्या, आणि पाण्यासाठी आत जाताना भिंतीला हात लावत गेल्या. नवरा घरीच होता. मी पाणी प्यायले आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"मंगलताई, माझा नवस नव्हता. मी आजारी होते. मनाचा आजार. या गोळ्या तेव्हापासून घेते, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून चालत होते. नवस आम्ही लोकांना सांगितला. तुम्हालाही खोटं सांगितलं. तुम्ही छातीवर कुणी बसल्यासारखं होतं म्हणालात ना, ते मलाही व्हायचं. तेलाने जात नाही ते."

त्यांनी पट्टी हातात घेतली नाही, नुसती बघितली. नवराच आधी बोलला, "म्हंजी औषध हाय याला?" मी म्हटलं, आहे. वेळ लागतो, पण आहे. आमच्या डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जाईन. तो म्हणाला, मंगळवारी रजा टाकतो. म्हणाला आणि डोळे पुसत गाई नसलेल्या गोठ्याकडे निघून गेला.

मंगलताईंनी पट्टी बोटाने जरा सरळ केली. मग म्हणाल्या, "म्हंजी देव माझ्यावर रागावला नव्हता?"

"नाही हो."

"तुमचं ऐकलं अन् माझं नाय ऐकलं, असं बी नाय?"

"नाही."

मला वाटलं, आता त्या चिडतील. चिडाव्यात असंच मला वाटत होतं. मी त्यासाठीच तर गेले होते. त्या चिडल्या नाहीत. लहान मुलीने विचारावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, मॅडम. मी काय पाप केलंय, तेच आठवत बसले. एक बी सापडंना. मग पार लहानपणापासनं काढायला घेतलं. आईच्या डब्यातला गूळ चोरून खाल्लेला. तेवढाच सापडला. म्हटलं, तेच असंल."

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. नवरा दोनदा येऊन सांगून गेला. मी उठले नाही. त्यांचा हात हातात घेऊन बसले, आणि गाडी गेल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.